आपल्याच रक्तातून उपचार : पट्टिकासमृद्ध रक्तद्रवाची उपयुक्तता आणि मर्यादा

निसर्गाने मानवी शरीराला दिलेल्या देणग्यांमध्ये जखम भरून काढण्याची शक्ती ही फार मोठी देणगी होय. विळ्याने कापलेले बोट, ठेच लागून फुटलेला अंगठा किंवा खेळताना खरचटलेला गुडघा काही दिवसांत बरा होतो. डॉक्टर जखम स्वच्छ करतात, टाके घालतात, पट्टी बांधतात. परंतु नवी कातडी निर्माण करण्याचे काम शरीर स्वतःच करीत असते. सुश्रुतसंहितेत व्रणावरील साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांचा आणि आधुनिक शल्यशास्त्राचा हेतू एकच आहे, आणि तो म्हणजे शरीराच्या या कामातील अडथळे दूर करणे.

मात्र शरीराचे सर्वच भाग सारख्या वेगाने बरे होत नाहीत. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, सांध्यातील गुळगुळीत कूर्चा, मधुमेही रुग्णाच्या तळपायाची जखम अशा ठिकाणी महिनोन्महिने सुधारणा दिसत नाही. अशा वेळी रुग्णाच्याच रक्तातील दुरुस्ती करणारा अंश वेगळा काढून तो दुखऱ्या जागी सोडला, तर बरे होण्याची क्रिया जलद होईल काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्रापुढे आला. त्यातून जी उपचारपद्धती निघाली तिला पट्टिकासमृद्ध रक्तद्रवाचा उपचार म्हणतात. रुग्णालयांच्या फलकांवर तिचे नाव ‘पी. आर. पी.’ अशा तीन अक्षरांत आढळते.

गुडघेदुखी, खांदेदुखी, केस गळणे, न भरणाऱ्या जखमा अशा नाना तक्रारींसाठी आज या इंजेक्शनाचे नाव सुचविले जाते. उपचार खर्चिक असतो आणि बऱ्याचदा तो एकापेक्षा अधिक वेळा घ्यावा लागतो. गावातील माणूस असा खर्च करण्यापूर्वी शिक्षकाला, ग्रामसेवकाला किंवा पंचायत सदस्याला विचारतो. म्हणूनच या उपचाराचे शास्त्र काय, तो कोठे उपयोगी पडतो आणि कोठे पडत नाही, याची माहिती लोकांमध्ये वावरणाऱ्या प्रत्येकाला असणे इष्ट आहे.

रक्तपट्टिका म्हणजे काय ?

रक्ताचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. सुमारे ५५ टक्के भाग फिकट पिवळसर रक्तद्रवाचा असतो. उरलेल्या भागात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तपट्टिका असतात. या रक्तपट्टिका म्हणजेच आपल्या परिचयाच्या ‘प्लेटलेट’. डेंग्यूच्या साथींमुळे हा शब्द आता खेड्यापाड्यांतही पोचला आहे. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या दीड लाख ते साडेचार लाख असते. अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींचे तुकडे होऊन त्या तयार होतात. त्यांना केंद्रक नसते आणि त्यांचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते.

इटलीतील तुरिन येथील शास्त्रज्ञ ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये रक्तपट्टिकांचे सविस्तर वर्णन केले आणि रक्तस्राव थांबविण्याच्या कामी त्यांचा वाटा दाखवून दिला. त्यानंतर दीर्घकाळ ‘रक्त गोठविणाऱ्या पट्टिका’ एवढीच त्यांची ओळख होती. १९७४ मध्ये अमेरिकेत रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, रक्तपट्टिकांमधून बाहेर पडणाऱ्या द्रव्यामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीतील पेशींची वाढ होते. रक्तपट्टिका केवळ भगदाड बुजविणाऱ्या नसून दुरुस्तीसाठी कामगार बोलावणाऱ्याही आहेत, ही दृष्टी त्या शोधाने दिली.

रक्तपट्टिकेच्या पोटात सूक्ष्म कण असतात. त्यांत वृद्धिघटक नावाची प्रथिने साठविलेली असतात. कोणी पेशींची संख्या वाढविते, कोणी नव्या रक्तवाहिन्यांना चालना देते, तर कोणी जखमेत कोलॅजन हे बळकटी देणारे प्रथिन तयार करविते. कापल्या जागी रक्तपट्टिका चिकटल्या की त्या फुटतात आणि हा साठा तेथे रिता होतो. यातील बहुतांश साठा पहिल्या तासाभरातच बाहेर पडतो.

जखम भरण्याचे टप्पे

जखम भरण्याचे काम चार टप्प्यांत चालते. प्रथम रक्त गोठून स्राव थांबतो. नंतर काही दिवस त्या जागी सूज, लाली व वेदना असते. या काळात पांढऱ्या पेशी जंतू व मृत पेशी यांची सफाई करतात. तिसऱ्या टप्प्यात नव्या रक्तवाहिन्या व नवे मांस तयार होऊन जखम भरत येते. अखेरच्या टप्प्यात नव्या भागाची घडी नीट बसते व त्याला बळकटी येते. या शेवटच्या टप्प्यास अनेक महिने, कधी वर्षही लागते.

कंडरा आणि कूर्चा यांची अडचण येथेच आहे. कंडरेला रक्ताचा पुरवठा तुटपुंजा असतो, तर सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. जेथे रक्त पोचत नाही तेथे रक्तपट्टिका पोचत नाहीत आणि दुरुस्तीचा आरंभच नीट होत नाही. मग रक्तपट्टिका बाहेरून तेथे नेऊन सोडाव्यात, हा या उपचारामागील साधा विचार आहे.

हा रक्तद्रव कसा तयार करतात ?

रुग्णाच्या दंडातील शिरेतून, आवश्यकतेनुसार साधारण १५ ते ६० मिलिलिटर रक्त घेतले जाते. ते गोठू नये म्हणून नळीत सायट्रेटयुक्त द्रावण असते. ही नळी वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात ठेवतात. ज्यांनी दूध संघाच्या कारखान्यात साय वेगळी काढणारे यंत्र पाहिले आहे त्यांना यातील तत्त्व लगेच समजेल. वेगाने फिरविल्यावर जड घटक एकीकडे आणि हलके दुसरीकडे जातात. रक्त फिरविल्यावर तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर रक्तद्रव राहतो आणि दोहोंमध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ थर दिसतो. वरचा भाग काढून पुन्हा अधिक वेगाने फिरविला की रक्तपट्टिका तळाशी जमतात. वरचा विरळ भाग काढून टाकल्यावर उरतो तो पट्टिकासमृद्ध रक्तद्रव. त्यात रक्तपट्टिकांचे प्रमाण मूळ रक्ताच्या साधारण तिप्पट ते पाचपट असते.

हा द्रव त्याच रुग्णाच्या दुखऱ्या जागी इंजेक्शनने सोडतात. सुई नेमकी कोठे पोचली हे पाहण्यासाठी सोनोग्राफीचे साहाय्य घेता येते. उघड्या जखमेसाठी कॅल्शियमचा क्षार मिसळून या द्रवाचा घट्टसर लगदा करतात व तो जखमेवर ठेवून पट्टी बांधतात. २००१ मध्ये फ्रान्समधील जोसेफ शुक्रून यांनी रक्त न गोठविण्याचे द्रावण न वापरता, यंत्रात फिरवितानाच तंतुमय गाठ तयार करण्याची रीत मांडली. दंतवैद्यकात दात काढल्यावर पडलेल्या खळगीत ही गाठ ठेवतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रक्तपट्टिका फार कमी झाल्यावर रक्तकेंद्रातून पिशवी आणून चढवितात, तो उपचार वेगळा. तेथे दुसऱ्या दात्याच्या रक्तपट्टिका शिरेवाटे संपूर्ण शरीराला दिल्या जातात. येथे रुग्णाचेच रक्त असते आणि ते एका विशिष्ट जागी दिले जाते.

प्रयोगशाळेतून दवाखान्यात

१९९८ मध्ये अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्याच्या हाडाच्या पुनर्रचनेत या द्रवाचा वापर केल्याचे प्रसिद्ध केले आणि या पद्धतीकडे अनेकांचे लक्ष वेधले. पुढे अस्थिरोगतज्ज्ञांनी, विशेषतः क्रीडावैद्यकातील तज्ज्ञांनी, ती उचलून धरली. खेळाडूंमध्ये तिचा इतका बोलबाला झाला की, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१० मध्ये हे इंजेक्शन स्नायूत देण्यास बंदी घातली. त्यामुळे खेळातील क्षमता वाढते असा पुरावा नसल्याने २०११ मध्ये ही बंदी उठविण्यात आली. आज हाडे, सांधे, दात, त्वचा व केस यांच्या अनेक विकारांत हा उपचार वापरला जातो.

पुराव्याची कसोटी

एखाद्या उपचाराची कल्पना पटण्यासारखी असणे ही एक गोष्ट आणि त्याचा गुण येतो हे सिद्ध होणे ही दुसरी. गुडघेदुखी कधी वाढते, कधी आपोआप कमी होते. सुई टोचली आणि डॉक्टरांनी धीर दिला की काही काळ बरेही वाटते. ‘अमक्याला गुण आला’ एवढ्यावरून उपचाराचे मोल ठरविता येत नाही, ते याच कारणाने. यासाठी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करतात. एका गटाला खरे औषध आणि दुसऱ्याला निर्जंतुक मिठाचे पाणी देतात. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला कळू देत नाहीत. अशा चाचण्यांनी या उपचाराबाबत काय दाखविले ते पाहू.

पहिले उदाहरण कोपराचे. सचिन तेंडुलकर यांना २००४ मध्ये झालेल्या दुखापतीमुळे ‘टेनिस एल्बो’ हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले. तेंडुलकर यांच्यावर २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. हा विकार टेनिस वा क्रिकेट खेळणाऱ्यांपुरता नाही. धुणे पिळणाऱ्या गृहिणीला आणि पाना फिरविणाऱ्या कारागिरालाही तो होतो. नेदरलँड्समध्ये अशा १०० रुग्णांवर केलेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाअखेरीस पट्टिकासमृद्ध रक्तद्रव दिलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांना, तर स्टेरॉइडचे इंजेक्शन दिलेल्यांपैकी ४९ टक्के रुग्णांना वेदनेत अपेक्षित उतार पडला. हा निष्कर्ष उत्साह वाढविणारा होता. परंतु त्यात तुलना स्टेरॉइडशी होती आणि स्टेरॉइडचा गुण लवकर येऊन लवकर ओसरतो. पुढे २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने कोपरदुखीवरील ३२ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. या इंजेक्शनामुळे निष्क्रिय इंजेक्शनाच्या मानाने लक्षणीय फायदा बहुधा होत नाही, असे त्यात आढळले.

दुसरे उदाहरण टाचेच्या कंडरेचे. २०१० मध्ये नेदरलँड्समधीलच एका चाचणीत ५४ रुग्णांना व्यायाम शिकविण्यात आला. निम्म्यांना हा द्रव आणि निम्म्यांना मिठाचे पाणी टोचण्यात आले. सहा महिन्यांत दोन्ही गट सुधारले. त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. दोन्ही गटांना समान मिळालेली गोष्ट म्हणजे नियमित व्यायाम, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तिसरे उदाहरण गुडघ्याचे असून आपल्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे होय. ऑस्ट्रेलियात सिडनी व मेलबर्न येथे पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज झालेल्या २८८ व्यक्तींवर केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दर आठवड्यास एक याप्रमाणे तीन इंजेक्शने देण्यात आली. वर्षभरानंतर शून्य ते दहा या मापावर रक्तद्रव घेतलेल्यांची वेदना सरासरी २.१ ने, तर मिठाचे पाणी घेतलेल्यांची १.८ ने कमी झाली होती. हा फरक नगण्य होय. कूर्चेची झीजही दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच होती.

याउलट, गुडघेदुखीत काही महिने आराम पडतो असे सांगणाऱ्या अनेक लहान चाचण्याही आहेत. त्यामुळे तज्ज्ञसंस्थांमध्ये मतभेद आहेत. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूत्रांत गुडघा व खुबा यांच्या झिजेवर हे इंजेक्शन देऊ नये, असे ठामपणे म्हटले. तेथील अस्थिशल्यचिकित्सकांच्या संस्थेने २०२१ मध्ये वेदना कमी होऊ शकते असे नमूद केले, पण त्या शिफारशीचे बळ ‘मर्यादित’ ठरविले. या गोंधळाचे एक मोठे कारण असे की, गोळीप्रमाणे या द्रवाची मात्रा ठरलेली नाही. रुग्णाच्या रक्तातील पट्टिकांची संख्या, यंत्राचा वेग, पांढऱ्या पेशींचे प्रमाण आणि इंजेक्शनांची संख्या दर ठिकाणी निराळी असते. नाव एक असले तरी नळीतील वस्तू एकच असेल असे नाही.

मधुमेही पायाची जखम

या उपचाराबाबत अधिक आशा वाटावी असे एक क्षेत्र आहे, ते म्हणजे दीर्घकाळ न भरणारी जखम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. चप्पल चावली, खडा रुतला, तरी रुग्णाला कळत नाही. रक्तपुरवठा कमी पडल्यास जखम भरत नाही, जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचतो आणि बोट, पाऊल किंवा पाय कापण्याची वेळ येते. शेतमजुरीवर पोट असलेल्या कुटुंबात कर्त्या माणसाचा पाय जाणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

अशा जखमांवर या रक्तद्रवाचा लगदा लावल्यास त्या भरून येण्यास मदत होऊ शकते, असे २०१६ मधील कॉक्रेन आढाव्यात आढळले. मात्र उपलब्ध पुरावा दुबळा असल्याचेही त्यात स्पष्ट केले होते. अमेरिकेच्या मेडिकेअर या शासकीय आरोग्यविमा योजनेने २०२१ मध्ये मधुमेहींच्या न भरणाऱ्या जखमांसाठी २० आठवड्यांपर्यंत या उपचाराचा खर्च मान्य केला. कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळपायांच्या जखमांवरही भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी ही पद्धत वापरून पाहिली आहे.

तथापि, हा उपचार मूळ उपचारांची जागा घेऊ शकत नाही. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे, जखमेतील मृत भाग काढणे, जंतुसंसर्गावर औषध देणे, पायातील रक्तपुरवठा तपासणे आणि जखमेवर भार पडू न देणे या पाच गोष्टी प्रथम. जखमी पायावर दिवसभर चालणाऱ्या रुग्णाला कितीही रक्तपट्टिका दिल्या तरी त्या वाया जाणार. मऊ रबराच्या तळव्याची पादत्राणे आणि रोज रात्री तळपाय पाहण्याची सवय यांनी जेवढे पाय वाचतात, तेवढे कोणत्याही इंजेक्शनाने वाचणार नाहीत.

धोके आणि दक्षता

स्वतःचेच रक्त असल्याने ॲलर्जीचा किंवा दुसऱ्याचा रोग लागण्याचा धोका तत्त्वतः नाही. इंजेक्शनानंतर काही दिवस दुखणे व सूज वाढू शकते. परंतु ‘तत्त्वतः’ या शब्दाला येथे मोठा अर्थ आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका सौंदर्यकेंद्रात चेहऱ्यावर रक्तद्रवाचा उपचार घेतलेल्या तीन महिलांना त्यातून एच.आय.व्ही.ची बाधा झाली असावी, असा निष्कर्ष तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे एकदाच वापरावयाची साधने पुन्हा वापरली गेली होती आणि रक्ताच्या नळ्यांवर नावे नव्हती. दोष रक्तद्रवाचा नव्हता, तो बेपर्वाईचा होता.

रक्तपट्टिका कमी असणारे, रक्तस्रावाचा विकार किंवा रक्ताचा कर्करोग असलेले, अंगात वा त्या जागी जंतुसंसर्ग असलेले रुग्ण यांना हा उपचार सामान्यतः देत नाहीत. रक्त पातळ करणारी किंवा वेदनाशामक औषधे चालू असल्यास ती डॉक्टरांना आधी सांगावीत. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

उपचाराचा सल्ला मिळाल्यावर रुग्णाने वा नातेवाइकांनी पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत :

१. माझ्या विकाराचे नेमके निदान काय आणि त्यात या उपचाराने गुण येतो असा पुरावा आहे काय ?

२. व्यायाम, वजन कमी करणे, फिजिओथेरपी व नेहमीची औषधे हे मार्ग पुरेसे वापरून झाले आहेत काय ?

३. किती इंजेक्शने लागतील आणि सर्व मिळून खर्च किती येईल ?

४. इंजेक्शन देणारे डॉक्टर वैद्यक परिषदेकडे नोंदलेले व त्या विषयाचे तज्ज्ञ आहेत काय ?

५. सुई, नळी व संच माझ्यासमोर नवीन उघडला जाईल काय आणि नळीवर माझे नाव लिहिले जाईल काय ?

६. गुण न आल्यास पुढे काय ?

या प्रश्नांची उत्तरे देण्यास चांगला डॉक्टर कधीही कुरकुर करणार नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

या बाबतीत पंचायत सदस्य, शिक्षक आणि कर्मचारी यांना बरेच काही करता येईल. गावात गुडघेदुखीसाठी इंजेक्शनांचे शिबिर भरविण्याचा प्रस्ताव आला, तर शिबिर घेणाऱ्यांची नोंदणी, साधनांची स्वच्छता आणि वापरलेल्या सुयांची विल्हेवाट यांची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत करून घ्यावी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वापरलेल्या सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यातच टाकावयाच्या असतात, हे साधे नियमही पुष्कळांना ठाऊक नसतात. ग्रामसभेत आरोग्याचा विषय असेल तेव्हा मधुमेहींनी तळपाय तपासण्याची माहिती आवर्जून सांगितली जावी. शाळेत रक्ताचा पाठ शिकविताना रक्तपट्टिकांच्या या दुसऱ्या कामाचा उल्लेख करावा आणि त्याबरोबरच, ‘गुण आला’ आणि ‘गुण येतो असे सिद्ध झाले’ यांतील भेदही विद्यार्थ्यांना समजावून द्यावा. वैज्ञानिक दृष्टी म्हणतात ती हीच.

आपल्याच रक्तात दुरुस्तीची शक्ती आहे, हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. ती शक्ती हव्या त्या जागी, हव्या त्या मात्रेत कशी वापरावी, याचा अभ्यास अद्याप चालू आहे. तो पूर्ण होईपर्यंत या उपचाराला रामबाण समजू नये आणि थोतांड म्हणून हेटाळूही नये. योग्य निदान, तज्ज्ञ हात आणि स्वच्छ साधने यांच्या आधारे, विचारपूर्वक निवडलेल्या रुग्णांत त्याचे स्थान आहे. मात्र कष्टाने जमविलेला पैसा या इंजेक्शनावर खर्च करण्यापूर्वी चार प्रश्न विचारण्याचे धैर्य सामान्य माणसाला आले पाहिजे. ते धैर्य माहितीतून येते, आणि ती माहिती त्याच्यापर्यंत पोचविणे हे आपणा सर्वांचे काम आहे.